प्लॅटफॉर्मवरचा शंतनु

पूर्णा,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. योगीराज यास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आक्काचे गुडघे दुखतात, तरी शनिवारची पोखर्णीच्या देवाची वारी तिने अजून चुकवलेली नाही. शेजारच्या नर्मदाबाईंचा मुलगा तिला मोटारसायकलवर नेतो म्हणाला होता, पण ती एसटीनेच जाते. मोटारसायकल ती आता आपल्या दारासमोर उभीसुद्धा करू देत नाही. पाऊस फार लांबला. पलीकडच्या शिवारातलं सोयाबीन पाण्यात गेलं.

वैदेहीचा फोन रोज येतो, आईला. माझ्याशी "बाबा, गोळी घेतली का" एवढंच बोलते आणि ठेवून देते. जुलैपासून घरी आलेली नाही. पुण्यातली नोकरी नवीन आहे, ताण असेल.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं ऐकू जातं, आणि ही गोष्ट आक्काच्या कानावर जायला नको. शिवाय मला फोनवर नीट बोलता येत नाही हे तुला माहीत आहे.

काल आक्का पोखर्णीला गेली होती तेव्हा एक गृहस्थ दारात आले. साठीचे, धुतलेली पांढरी पँट, हातात पेढ्यांचा पुडा आणि प्लास्टिकची फाईल. म्हणाले, "पांगरीकर साहेबांचं घर हेच का?"

मी म्हणालो, "मीच पांगरीकर. पण साहेब नाही. रेल्वेत पार्सल क्लार्क होतो, आता रिटायर."

"तुमी नाही हो, तुमचे चिरंजीव. शंतनु साहेब."

मला वाटलं, खात्याचं काही काम राहिलं असेल. आत घेतलं, पाणी दिलं. ते सिताराम चारठाणकर, जिंतूरचे. स्टेशनरीचं दुकान आहे. घामेजले होते, पण चेहरा आनंदी होता. फाईलमधून कागद काढून त्यांनी माझ्या पुढे ठेवला. त्यांच्या मुलीची माहिती होती. श्रीनिधी नाव, पुण्यात नोकरीला, उंची, शिक्षण, गोत्र, सगळं.

"मुलगा आमच्या मनात भरलाय, पांगरीकर. आता तुमी नाही म्हणू नका. फोटोत बघितला आणि मी मंडळीला तिथूनच फोन लावला. म्हणलं, आपल्या परभणीचा हाय, आपल्यातला हाय आणि ऑफिसर हाय. आता अजून काय पाहिजे?"

मी विचारलं, कुठला फोटो. त्यांनी मोबाईल पुढे केला. "हे बघा. पुण्यात जमिनीखालचं स्टेशन नाही का, मेट्रोचं, तिथं लागलाय. केवढा! माणसाच्या डबल."

फोटोत शंतनु होता. निळा कोट, टाय. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "काल याच प्लॅटफॉर्मवर उभा होता." आणि त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरात, "आज अधिकारी!" मग त्याचं नाव, कनिष्ठ अभियंता, जि. परभणी. आणि त्याच्या क्लासचा फोन नंबर.

ते बोलत राहिले आणि मी त्यांना थांबवू शकलो नाही. मुलीला स्वयंपाक येतो, पत्रिका मी मानत नाही पण तुमी मानत असाल तर आणली आहे, असं चालू होतं. शेवटी त्यांनीच विचारलं, "साहेब ड्युटीवर गेलेत का?" तेव्हा मी उठलो आणि आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला. चंदनाचा हार घातलेला फोटो आतच असतो, आक्का तो बाहेर लावू देत नाही.

चारठाणकरांनी कागद उचलला. तो फाईलमध्ये जाईना. दारात चप्पल घालताना म्हणाले, "मग असं का लिहिलंय हो तिथं?"

मी म्हणालो, विचारतो.

म्हणून तुला विचारतो आहे. त्या स्टेशनांतल्या भिंती जाहिरातींसाठी तुझ्याकडे असतात. मागच्या वर्षीच्या दसऱ्याला तू आला होतास तेव्हा शंतनुला तू हेच समजावून सांगत होतास. "जमिनीखाली खिडकीतून बघायला काहीच नसतंय रे. झाड नाही, आभाळ नाही. गाडी येईपर्यंत माणूस भिंतच बघणार, जाईल कुठं?" आम्ही हसलो होतो. शंतनु म्हणाला होता, "मामा, म्हणजे तू माणसं कोंडूनच धंदा करायलास की."

तुझ्याकडे भिंती पुष्कळ असतील, सगळ्याच तू स्वतः बघत नसशील. क्लासवाल्यांनी जुनी माहिती लावून दिली असेल. त्यांना सांग की निवड झाली होती, पण तो रुजू झाला नाही. रुजू व्हायला लागणारं मेडिकल आणायला मोटारसायकलवर परभणीला निघाला आणि झिरो फाट्याच्या पुढे गेला नाही. एवढं सांगितल्यावर कुणीही काढून घेईल.

घाई एवढ्याचसाठी की यंदा आपल्याकडे सण नाही, म्हणून आक्का दिवाळीला वैदेहीकडे जाते म्हणते. गुरुवारचं, सोळा तारखेचं तिकीट काढलं आहे. वैदेहीची खोली त्याच स्टेशनाला लागून आहे. त्या आधी ते निघावं.

पेढ्यांचा पुडा ते विसरून गेले. आक्का यायच्या आत मी तो स्टेशनवरच्या हमालांना देऊन आलो.

घरी सर्वांना आशीर्वाद.

तुझा दाजी,
उद्धव


पूर्णा,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. योगीराज यास आशीर्वाद.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर गेलो, म्हणून पहिलं वाक्य निसटलं असेल. बाकी सगळं ऐकलं. मी फक्त "हं" म्हणालो. आता लिहितो.

तू म्हणालास, "दाजी, मी भिंत भाड्यानं देतो. भिंतीवर काय लागायलंय ते क्लासवाले बघतेत. फोटो त्यांनीच दिला, मला लागल्यावर कळलं." मग म्हणालास की करार दिवाळी संपेपर्यंत आहे, मधेच काढलं तर तुझं नाव खराब होतं. आणि म्हणालास, "कोण बघायलंय हो तिथं? लोकं मोबाईलमधी मुंडी घालून असतेत. आक्काचं तर लक्षपण जाणार नाही."

मी आक्काला सांगितलं की नांदेडला पेन्शनच्या कामाला जातो, मुक्काम पडेल. आणि पुण्याला गेलो. शुक्रवारी सकाळी त्या स्टेशनात उतरलो.

मी जन्म रेल्वेत काढला, पण असं स्टेशन पाहिलं नव्हतं. पायऱ्या खाली खाली जातात. फरशी इतकी स्वच्छ की चालताना संकोच वाटतो. आपल्या पूर्णेच्या प्लॅटफॉर्मवर माणूस गाडीची वाट बघताना इंजिनाकडे बघतो, कुत्र्याकडे बघतो, कुणाच्या तरी डब्याकडे बघतो. इथे समोर भिंत, मागे भिंत. आणि भिंतीवर उजेड असलेली जाहिरात, तिच्या मागूनच दिवे. तू दसऱ्याला सांगितलंस ते खरं होतं. गुरुवारी सांगितलंस ते खरं नव्हतं. लोक बघतात. एक बाई लिपस्टिक नीट करताना त्याच्याकडे बघत होती. दोन मुलांनी त्याचं नाव मोठ्याने वाचलं.

शंतनु पुण्यात क्लासला होता तेव्हा हे स्टेशन अजून खोदत होते. सुरू झालं त्या आधीच तो घरी परतला होता. त्या प्लॅटफॉर्मवर तो कधी उभा राहिलेला नाही.

आता फोटोचं लिहितो. शंतनुकडे कोट नव्हता. चौथ्या दिवशी तू आणि मी स्टेशन रोडला फ्लेक्सवाल्याकडे बसलो होतो, चौकात श्रद्धांजलीचं बॅनर लावायचं म्हणून. त्याचा बरा फोटो एकच होता, पिवळ्या टी-शर्टातला, हुरड्याच्या वेळचा. फ्लेक्सवाला म्हणाला, "साहेब होणार होते ना? मग कोट घालू." त्याच्या कॉम्प्युटरमध्ये कोटांची रांग होती. काळा, करडा, निळा. जो जातो त्याला तो त्यातला एक घालतो. त्याने विचारलं, कोणता? मी काही बोललो नाही. तू म्हणालास, "निळा लाव." त्याने टायसुद्धा लावला. कॉलरच्या खाली डाव्या बाजूला टी-शर्टाचा पिवळा रंग थोडा राहिला. तू म्हणालास, राहू दे, लांबून दिसत नाही.

योगीराज, त्या भिंतीवर तो पिवळा रंग तळहाताएवढा दिसतो.

तो फोटो क्लासकडे असू शकत नाही. त्यांच्याकडे पांढऱ्या शर्टातला पासपोर्ट साईझ आहे. कोटाची फाईल त्या दिवशी तू पेन ड्राईव्हवर घेतलीस. माझ्याकडेसुद्धा ती नाही. श्रद्धांजलीचा फोटो ज्याने दिला त्याला तो कशाचा आहे हे माहीत होतं. मी यापेक्षा जास्त लिहीत नाही.

कदाचित तुझ्या मनात चांगलंच असेल. भाच्याचा एवढा मोठा फोटो लागावा असं वाटलं असेल. मी गाडीत सारखा तोच विचार करत होतो. पण मग "आज" असं का लिहू दिलंस? तो शब्द तू वाचला असशीलच.

मी तिथे बाकावर बसलो होतो. गाड्या येत होत्या, जात होत्या. उठायचं ठरवत होतो आणि उठवत नव्हतं. इतका मोठा आणि इतका उजेडात मी त्याला शेवटचा कधी पाहिला होता ते आठवत नव्हतं. हे तुला सांगायला नको होतं.

तेवढ्यात वैदेही पायऱ्या उतरून आली. तिने मला पाहिलं नाही. सरळ त्या जाहिरातीपाशी गेली आणि पाठ लावून उभी राहिली. मला आधी वाटलं, टेकली आहे. मग बघितलं तर तिची पाठीवरची बॅग "आज अधिकारी" या अक्षरांवर होती. गर्दीत कुणी धक्का दिला की ती परत सरकून त्याच जागेवर येत होती.

मी हाक मारली.

"बाबा? तुमी इथं काय करायलात?" मग तिने मागे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. "बघायला आलात? बघा की. छान छापलाय ना? मामा म्हणाला, बाबांना लय आवडला."

मी म्हणालो, "मला?"

"तुमी हो म्हणालात ना. मामानं तुमाला विचारून लावलाय."

"मला कुणी विचारलं नाही, वैदेही."

"बाबा." ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "तुमी आजपर्यंत कुणाला नाही म्हणलात का? एकदा तरी? एक नाव सांगा." मी बोगद्याकडे बघायला लागलो तशी म्हणाली, "मग मामालाच नाही म्हणलात हे मी कसं खरं मानू?"

गाडी आली. ती चढली नाही. मी विचारलं, त्रास होतो तर दुसऱ्या स्टेशनावरून का जात नाहीस?

"आठवडाभर गेले. लांब पडतं त्याचं काही नाही. पण तिथं उभं राहिलं की वाटायचं, इकडं सगळे त्याला बघायलेत आणि मी पळाले."

"आणि ती ओळ?"

"तेवढीच खोटी आहे. बाकी नाव, गाव खरं आहे. मी आहे तोवर तरी कुणी वाचत नाही."

पुढच्या गाडीने ती ऑफिसला गेली. संध्याकाळी थांबा म्हणाली नाही, आणि मीही थांबलो नाही.

तेव्हा ती माझ्याशी का बोलत नाही हे मला परवा कळलं. माझ्या मुलीला वाटतं की मी तिच्या भावाचा फोटो क्लासला देऊन बसलो. हे तिला तू सांगितलंस. मी कितीही सांगितलं तरी ती मानणार नाही, कारण तिने जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे तूच निस्तरू शकतोस.

दोन गोष्टी कर. गुरुवारच्या आधी ते उतरव. आणि वैदेहीला समोर बसवून सांग की तू मला विचारलं नव्हतंस. फोनवर नको. ती ऑफिसातून सातला येते.

आक्काला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती वैदेहीसाठी मेतकूट करते आहे.

उद्धव


पुणे,
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

योगीराज,

मंगळवारी तुझा मेसेज आला. पत्राचं उत्तर मेसेजवर येईल असं वाटलं नव्हतं. तू एक नमुना पाठवलास. तोच फोटो, तोच कोट. वरच्या ओळी काढून "कै. शंतनु पांगरीकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन" असं टाकलं आहेस. बाजूला समई. खाली क्लासचं नाव आणि फोन नंबर तसाच. आणि लिहिलंस, "दाजी, क्लासला समजावून मार्ग काढला. दोघांचं समाधान. आक्का यायच्या आत चढवतो. फक्त ओके टाका."

बुधवारी परत लिहिलंस, "दाजी, ओके?" गुरुवारी सकाळी नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

मी उत्तर दिलं नाही. तुझ्या धंद्यात गप्प बसणं म्हणजे हो धरतात का ते मला माहीत नाही. माझं गप्प बसणं आजवर सगळ्यांनी हो धरलं आहे, त्यात तुझीच चूक आहे असं म्हणत नाही. पण या वेळी मी मुद्दाम गप्प होतो, कारण आधी तुझ्या आक्काशी, विमलाशी, बोलायचं होतं.

गुरुवारी मीही तिच्यासोबत निघालो. परभणी सुटल्यावर सगळं सांगितलं. घरी सांगितलं असतं तर ती आतल्या खोलीत निघून गेली असती. गाडीत जायला जागा नव्हती, तिलाही आणि मलाही. चारठाणकर येऊन गेले तिथपासून सुरुवात केली. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली.

"कोणता फोटो?" तिने विचारलं.

"बॅनरचा."

"आपल्या योगीनं?"

मी हो म्हणालो.

"आणि पोरीला काय सांगितलंय त्यानं?"

तेही सांगितलं. समोर बसलेल्या बाईंनी तिला पाण्याची बाटली दिली, तिने घेतली नाही. शेंगा बाजूला ठेवून म्हणाली, "उतरवायच्या आधी मला बघू द्या." मी तिला म्हणालो की तुला त्रास होईल, नको. ती म्हणाली, "मी नाही बघितलं तर सगळ्या पुण्यानं बघितलंय आणि आईनंच नाही, असं होईल."

काल सकाळी आम्ही तिघं खाली उतरलो. ती सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला तयार नव्हती, म्हणून साध्या पायऱ्यांनी, एकेका पायरीवर थांबत. वैदेहीने तिचा दंड धरला होता. माझ्याशी ती अजून बोललेली नव्हती.

विमला जाहिरातीसमोर उभी राहिली. चेहरा तिच्या हाताला येत नव्हता. तिने हात वर केलाही नाही. नुसती उभी होती, पदर नीट करून, कुणाच्या घरी गेल्यावर उभी राहते तशी. वैदेही सवयीने त्या ओळीपुढे जायला लागली तर विमलाने तिला बाजूला केलं. म्हणाली, "असू दे. वाचू दे मला."

तेवढ्यात एक माणूस आला. पन्नाशीचा, खांद्याला डब्याची पिशवी, हातात मोबाईल. "मावशी, जरा सरकता का? नंबर घ्यायचाय."

विमला सरकली. मग तिने विचारलं, "कुणासाठी?"

"पोरासाठी. दोनदा परीक्षा दिली, थोडक्यात राहतोय. रोज बघतो मी हे, जाता-येता. म्हटलं, गावाकडचा मुलगा करू शकतो तर आपला का नाही?"

"घ्या की," ती म्हणाली. "क्लास चांगला असेल. पण हा साहेब झाला नाही, भाऊ. माझा मुलगा आहे. मागच्या कार्तिकात गेला."

तो माणूस आधी वर बघायला लागला, मग तिच्याकडे. दोघांचं नाक सारखं आहे, तुला माहीतच आहे. त्याने मोबाईल खाली घेतला. गाडी आली, दारं उघडली, मिटली. तो चढला नाही.

"अहो, मग हे असं... त्यांना माहीत नाही का?"

"माहीत आहे हो," विमला म्हणाली. "माझ्या भावालाच माहीत आहे."

ती रडली नाही. रडणारा तो माणूस होता. पिशवी खाली ठेवून त्याने डोळे पुसले, तिला नमस्कार केला आणि पुढच्या गाडीने गेला. नंबर घेतला नाही.

मी वर स्टेशनच्या ऑफिसात गेलो. वैदेही मागोमाग आली. मृत्यूचा दाखला मी पूर्णेहून सोबत आणला होता, तो टेबलावर ठेवला. तिथले साहेब तरुण होते, नीट बोलले. त्यांनी विचारलं, "आपण कोण?" वैदेही उत्तर द्यायला लागली. तिला वाटलं असेल की मी नेहमीप्रमाणे तिच्याकडे बघीन.

मी म्हणालो, "मी त्याचा बाप. या जाहिरातीला माझी परवानगी नव्हती. मला विचारलं नव्हतं. ती इथे चालणार नाही."

माझा आवाज जरा मोठा झाला. बाहेर रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. साहेब म्हणाले, आजच एजन्सीला कळवतो, आणि तोवर रात्रीच झाकून टाकतो. म्हणजे हे पत्र पोचेपर्यंत तुला तिथून फोन आला असेल. तो माझ्यामुळे आला. दुसऱ्या कुणावर संशय घेऊ नकोस.

जिना उतरताना वैदेही म्हणाली, "बाबा, गोळी घेतली का सकाळची?" रोज विचारते तेच. पण उत्तर ऐकायला थांबली. मी घेतली नव्हती. तिने मला खाली बाकावर बसवून घ्यायला लावली.

आज सकाळी आम्ही परत बघून आलो. तिथे पांढरा कागद आहे. दिवे मागून चालूच आहेत, त्यामुळे तो फार पांढरा दिसतो. विमलाला खोलीवर आल्यावर बरं वाटेना, ती निजली आहे. मला वाटलं होतं, ते निघाल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. ते काढू नका असं म्हणावं, असं काल मला त्या ऑफिसात एकदा वाटून गेलं होतं. म्हणालो नाही.

तुझ्या मेसेजचं उत्तर राहिलं. नाही. समई लावून नाही, कै. लिहून नाही, नंबर छोटा करूनही नाही. क्लासने त्याला शिकवलं, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे आणि त्यांना तसं वेगळं कळवीन. तो फोटो मात्र तुझ्या पेन ड्राईव्हवरून पुसून टाक.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. वैदेही सोमवारी तुझ्या ऑफिसवर आणून देईल. तिने ते आधी वाचलं आहे, मी वाचायला दिलं. विमलानेही वाचलं आणि एक वाक्य खोडायला लावलं. ते मी पूर्ण खोडलं आहे, उजेडापुढे धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

विमला भाऊबीजेपर्यंत इथेच आहे. यंदा ओवाळायचं नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी ती म्हणते, योगीने यावं. तिने तुझ्यासाठीही मेतकुटाची बरणी आणली होती, शेंगा सोलायच्या आधी, सगळं कळायच्या आधी. ती बरणी तिने अजून परत पिशवीत घातलेली नाही.

तू आलास तर दार वैदेही उघडेल. आत यायच्या आधी तिथेच, उंबऱ्यावर, तिला सांग की तू माझ्याकडे विचारायला आलाच नव्हतास. तिचा आता माझ्यावर विश्वास आहे, तरी सांग. ते माझ्यासाठी नको, तिने रोज सकाळी पाठ लावून उभं राहून काढलेल्या दिवसांसाठी सांग. सांगता येणार नसेल तर येऊ नकोस, आक्काला मी काहीतरी कारण सांगीन.

आशीर्वाद तुझ्या आक्काचे आहेत. माझे, तू वैदेहीशी बोलल्यावर.

उद्धव पांगरीकर